साठ ओळी

त्या शनिवारी हेस्टर क्यूबिटने एक वाजता पोस्टाचं दार लावलं, काउंटरवरचा तराजू झाकला आणि हात धुतले. पुसून झाल्यावर पुन्हा धुतले. दोराला घामाचा हात चालत नाही, साबणाचाही चालत नाही, हे तिला सदतीस वर्षांपूर्वी रूबेन गॉट्सनेच सांगितलं होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मार्लथॉर्प गावची निम्मी तरणी माणसं पहिल्या महायुद्धातून परतली नव्हती आणि चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटांना तीनच माणसं उरली होती, म्हणून मुलींना दोर धरायला मिळाला. तेव्हापासून ती त्याला मिस्टर गॉट्स म्हणे आणि तो तिला पोरी. आता ती एक्कावन्न वर्षांची झाली होती, तरी दोघांनाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

रूबेन गावचा सुतार. फाटकं, गाड्यांची चाकं, शवपेट्या. मनोऱ्यात घंटांना जोडलेली माणसाएवढी लाकडी चाकंही त्याच्याच हातची. सगळ्यांत जड अशा सहाव्या घंटेच्या दोराशी तो साठ वर्षं उभा राहिला होता. आणि साठ वर्षांत त्याच्या नावावर एकही पील नव्हता.

गावात हा शब्द सगळेच वापरत. बायका पोस्टात तिकिटं घ्यायला येत आणि म्हणत, “रविवारचा पील काय सुरेख झाला हो!” हेस्टर तिकिटं फाडत “हो ना” म्हणे आणि विषय बदले. रूबेन मात्र सोडत नसे. एकदा चर्चच्या मासिकात रेक्टरांनी, म्हणजे गावच्या पाद्रींनी, छापलं की अमक्यांच्या लग्नात आनंदाचा पील वाजला. रूबेन टोपी हातात घेऊन रेक्टरच्या दारात उभा राहिला.

“दहा मिनिटं वाजलं ते, रेक्टर.”

“पण पीलच ना तो, गॉट्स? घंटा वाजल्या म्हणजे पील. हसण्याच्या लकेरीलासुद्धा पील म्हणतात. ढगांच्या गडगडाटालासुद्धा.”

“ढगांना नियम माहीत नसतात. आम्हांला आहेत.”

पुढच्या महिन्यात दुरुस्ती छापून आली.

नियम तसे चार वाक्यांचे. सहा घंटा सातशे वीस वेगवेगळ्या क्रमांनी वाजवता येतात; प्रत्येक क्रमाची एक ओळ, ओळीत सहा ठोके. सातशे वीसच्या सातशे वीस ओळी वाजवायच्या, एकही दोनदा नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, अशा सात फेऱ्या. पाच हजार चाळीस ओळी, तीन तासांना थोडे कमी, कागद न बघता, दोर न सोडता. एवढं झालं तर तो पील. एका फेरीत एक ओळ दोनदा आली, किंवा सगळं पुरं होण्याआधी कुणाचा दोर निसटला, तर जे वाजलं त्याला नाव नाही.

रूबेनचे तीन प्रयत्न वाया गेले होते. १९१३ साली अडीच तासांनी दोर तुटला. १९३६ साली क्रम कधी बदलायचा त्याच्या हाका त्यानेच दिल्या होत्या. सगळं नीट पार पडलं, बिअर प्यायली गेली, नॉरिचच्या पेपरला बातमीही गेली. रात्री जेवताना त्याच्या हातातला काटा थांबला. चौथ्या फेरीत एक हाक त्याने चुकीच्या जागी दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट घालून पाच दारं फिरला. हेस्टर कपडे वाळत घालत होती. “पोरी, काल जे वाजलं तो पील नव्हता. माझी चूक,” एवढं बोलून तो पुढच्या दाराकडे गेला. १९३९ सालच्या सप्टेंबरात तिसरा ठरला होता. तेव्हा लढाई जाहीर झाली.

यंदा जूनमध्ये डॉक्टरने त्याचा उजवा खांदा दाबून पाहिला आणि सांगितलं, हात डोक्याच्या वर नेणं आता बंद. रूबेनने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सप्टेंबरपर्यंत चालेल?”

म्हणून आजचा दिवस.

मनोऱ्याच्या खोलीत गोलाकार सहा दोर लोंबत होते. भिंतीवर पीलची नोंद असलेला एकच लाकडी फळा होता, १९०९ सालचा. सोनेरी अक्षरांत सहा नावं, सगळी बाहेरगावच्या पाहुण्यांची. शेजारची भिंत मोकळी होती. रूबेनने त्या मापाची ओकची फळी दोन वर्षांपासून आपल्या कारखान्यात वाळत ठेवली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

“डेनिस, तीन तास आहेत. जाऊन आलास ना?” सेसिल ब्लॉयने विचारलं. सेसिल डुकरं पाळायचा आणि तिसरी घंटा वाजवायचा. चौथीवर त्याचा मेहुणा डेनिस लार्टर, बसचा ड्रायव्हर.

“तू आपली तिसरी सांभाळ. आणि डुकराला ओढतोस तशी ओढू नकोस.”

“डुकरं वेळेवर येतात तरी. तुझ्या बससारखी नाहीत.”

“एका आईची लेकरं असती तर बरं झालं असतं,” पहिल्या घंटेवरची आयव्ही म्हणाली. ती सेसिलची बायको आणि डेनिसची बहीण. “निदान दोघांना रागवायचं काम एका आईवर पडलं असतं.”

“दम वाचवा,” रूबेन म्हणाला.

दुसऱ्या दोराशी शाळेच्या मिस टक चष्मा पुसत होत्या. पाचवा दोर हेस्टरचा, आणि हाका तिच्याच. पाचही जण तिच्याकडे पाहत होते. रूबेनने कोट काढून खुंटीला अडकवला तो डाव्या हाताने. तिने ते पाहिलं.

“लक्ष द्या,” आयव्ही म्हणाली. “पहिली घंटा निघाली... गेली.”

वर कुठेतरी पहिली घंटा उलटली, पाठोपाठ बाकीच्या, वरच्या सुरातून खालच्या सुरात. शेवटी सहावीचा ठोका पडला. तो कानांआधी तळपायांना कळायचा.

हाका देणं म्हणजे ओरडणं नव्हे. ओरडायचं फार थोडं असतं; ठरल्या जागी “बॉब” म्हणायचं, की घंटांचा क्रम वेगळ्या वाटेला लागतो. खरं काम आत चालतं. आपला दोर ओढता ओढता बाकीचे पाचही दोर डोक्यात धरून ठेवायचे: कोण कुणाच्या मागे आहे, कुणी कुणाला ओलांडलं, आता कोण यायला हवं. हेस्टरला ते जमायचं. आयुष्यात तिला याहून चांगलं जमलेलं काही नव्हतं. नॉरिचच्या एका सभ्य माणसाने तिला दोनदा मागणी घातली होती आणि दोन्ही वेळा तिने विचारलं होतं, मंगळवारी मी सरावाला येऊ शकेन का. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

पहिली फेरी चोवीस मिनिटांत झाली. दुसरी, तिसरी. सेसिलच्या शर्टाची पाठ काळी पडली. मिस टक ओठांनी मोजत होत्या. रूबेन झाडासारखा उभा होता, फक्त हात वर-खाली, वर-खाली, आणि त्याची घंटा इतकी ठिकाणावर पडत होती की तिच्यावर घड्याळ लावावं.

पाचव्या फेरीच्या मध्याला, एक तास पन्नास मिनिटांवर, तो ठोका उशिरा आला.

फार नाही, पापणी लवण्याएवढा. हेस्टरने मान वळवली. रूबेनचा उजवा हात डोक्यापर्यंत जाऊन थांबला होता आणि दोर वर खेचला जाताना सगळा भार डाव्यावर आला होता. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. पुढची ओढ त्याने कंबरेतून घेतली. त्याच्या पुढचीही. घंटा पुन्हा ठिकाणावर आली. त्याने हनुवटी किंचित वर केली. ठीक आहे, बघू नकोस.

ती पंधराएक ओळी बघत राहिली होती. भान परत दोरांवर आलं तेव्हा खोलीत सगळं नीट होतं. सहा ठोके, सारख्या अंतरावर, कुणी कुणाला धडकत नव्हतं. फक्त तिच्या मागे चौथी यायची तिथे तिसरी आली.

तिने एक ओळ जाऊ दिली. पुन्हा तिसरी.

सेसिल आणि डेनिस एकमेकांना ओलांडताना अडखळले होते आणि एकमेकांच्या वाटेला लागले होते. दोघांनाही पत्ता नव्हता. दोघंही आपलंच समजून दुसऱ्याचं काम अगदी बिनचूक करत होते. लगेच टोकलं असतं तर चाललं असतं. दोन-तीन ओळींची अडखळ कुणी धरत नाही. पण आता किती ओळी झाल्या? वीस? ज्या ओळी वाजत होत्या त्या याच फेरीत आपल्या जागी पुन्हा येणार होत्या, आणि ज्या वाजायला हव्या होत्या त्या येणारच नव्हत्या.

अशा वेळी हाका देणाऱ्याने एक शब्द बोलायचा असतो. थांबा. सहा माणसं दोर आवरतात, घंटा उभ्या राहतात, कुणीतरी शिवी देतं आणि सगळे चहा प्यायला जातात.

हेस्टरने तोंड उघडलं. समोर रूबेन होता, कंबरेतून ओढणारा, ओठ घट्ट मिटलेला. तिच्या तोंडून आलं, “बॉब!” कारण तेव्हा बॉबची वेळ झाली होती.

ते म्हणून झाल्यावर मग थांबा म्हणणं जास्त अवघड झालं. तिने आणखी दोन वळणं जाऊ दिली. मग सेसिल आणि डेनिस पुन्हा शेजारी आले तेव्हा ती म्हणाली, “सेसिल, डेनिस, अदलाबदल. आता!” दोघं दचकले, बदलले. डेनिसने मेहुण्याकडे असं पाहिलं, की पाहा, तूच चुकलास. त्यांना वाटलं नुकतंच काहीतरी घसरलं होतं आणि सावरलं. मिस टक यांनाही तसंच वाटलं असणार. हेस्टरने मोजलं होतं. साठ ओळी.

उरलेला तास ती वाजवत राहिली. हाका चुकल्या नाहीत. एखाद्या रिकाम्या घरातल्या खोल्या एकामागून एक झाडाव्यात तशा तिने त्या दिल्या. रूबेनचा श्वास आता ऐकू येत होता, करवतीसारखा, येताना एक आवाज आणि जाताना दुसरा. तो हे कशासाठी सोसतो आहे ते तिला माहीत होतं, आणि तो ज्यासाठी सोसतो आहे ते आता तिथे नाही हेही फक्त तिलाच माहीत होतं. सहाव्या फेरीत तिला वाटलं, आपलंच मोजणं चुकलं असेल. तिने डोक्यात मागे जाऊन पुन्हा मोजलं. नव्हतं चुकलं.

गप्प राहण्याची तिची ही पहिली वेळ नव्हती. १९४२ साली, मे महिन्यात, तार आली होती: रूबेनचा एकुलता एक मुलगा लेस्ली, आरमारात होता, बोटीसकट गेला. तार पोचवणारा पोरगा आजारी म्हणून हेस्टर स्वतः निघाली. रूबेन पॅरिशच्या कुरणावर फाटक बसवत होता आणि शीळ घालत होता. ती कुंपणाआड उभी राहिली. मग परत फिरली. पोस्ट उघडलं, पत्रं लावली, आईला जेवायला वाढलं. फाटक बसवून तो घरी गेल्यावर तिने तार नेऊन दिली. “आत्ताच आली,” ती म्हणाली. त्याने कागद बराच वेळ हातात धरला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि तिलाच बसायला खुर्ची पुढे केली.

“झालं,” हेस्टर म्हणाली. शेवटची ओळ पहिल्यासारखी उतरली, वरच्या सुरातून खाली, एक ते सहा. “थांबा.”

घंटा थांबल्या. दोन तास बावन्न मिनिटं झाली होती. कानांत अजून काहीतरी वाजतच होतं.

सेसिलने टोपी छताला फेकली. आयव्ही रडायला लागली आणि डेनिसने तिच्या पाठीत धपाटा घातला. “रडतेस काय वेडे, पील झाला!” जिन्यावरून रेक्टर धापा टाकत वर आले, हातात बिअरचा जग. “गॉट्स! आता तरी म्हणू ना पील? आता परवानगी आहे ना?”

रूबेन बाकावर बसला होता. डाव्या हातात उजवं कोपर धरलेलं. तो रेक्टरकडे पाहत नव्हता. तो हेस्टरकडे पाहत होता, आणि त्याच्या पाहण्यात अभिनंदन नव्हतं, घाईही नव्हती.

“झाला नाही,” हेस्टर म्हणाली.

“काय झाला नाही?”

“पील. पाचव्या फेरीत तिसरी आणि चौथी बदलली होती. साठ ओळी.”

“पण तू दुरुस्त केलंस की!” डेनिस ओरडला. “मी ऐकलं!”

“उशिरा केलं.”

“साठ ओळी! पाच हजारांत साठ! बाहेर कुणाला कळलं?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

“मग काय, डेनिस,” सेसिल हळूच म्हणाला. तो आपल्या तळहातांकडे पाहत होता. “मी होतो ना तो?”

“दोघं होतात. आणि मी होते.”

रेक्टर जग घेऊन तसेच उभे राहिले. “पण मी खाली ऐकत होतो,” ते म्हणाले. “फार सुंदर वाजलं हो.”

“सुंदर वाजलं, रेक्टर,” रूबेन म्हणाला. “पील नव्हता.”

एकेक जण खाली गेला. मिस टक यांनी जाताना हेस्टरचा दंड दाबला. दोघंच उरले तेव्हा हेस्टरने दोर गुंडाळायला घेतले. सहावीचा दोर शेवटी, कारण तो त्याच्या बाकाजवळ होता.

“मला तेव्हाच कळलं होतं,” रूबेन म्हणाला. “माझ्या पुढून तिसरी गेली, चौथीच्या जागी.”

“मग तुम्ही का नाही थांबवलंत, मिस्टर गॉट्स?”

“थांबवायचं काम हाका देणाऱ्याचं. मी सहावी वाजवत होतो.” त्याने हात हलवून पाहिला आणि डोळे मिटले. “तासभर प्रत्येक ओढीला वाट बघितली. आता म्हणेल, आता म्हणेल.”

“तुमचा चेहरा बघून माझ्याच्याने बोलवेना.”

“माझा चेहरा!” तो एकदम चिडला, आणि तिने त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “तेव्हा थांबवलं असतंस तर या खांद्यात अजून एकदाचं शिल्लक होतं. महिनाभर बसलो असतो. लोकर बांधली असती. ऑक्टोबरात पुन्हा उभा राहिलो असतो. तू मला तो तास ओढायला लावलास, पोरी. कशासाठी? कशालाच नाही त्यासाठी.”

हेस्टरच्या हातातला दोर सुटून जमिनीवर पडला. तिने तो उचलला नाही.

“हे दुसऱ्यांदा,” रूबेन म्हणाला. आवाज उतरला होता. “लेस्लीची तार. त्या कागदावर वेळ छापलेली असते. तुझ्याच पोस्टातली वेळ. अकरा वाजून दहा मिनिटं. आणि तू आलीस तीनला.”

ती सतरा वर्षं त्या काउंटरमागे बसून तारांवर वेळेचा शिक्का मारत आली होती. हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“तुम्ही शीळ घालत होतात,” ती म्हणाली.

“असेन.” तो उठला. कोट खुंटीवरून काढला आणि तिच्यापुढे धरला, कारण उजव्या बाहीत हात घालणं त्याला जमत नव्हतं. तिने घालून दिला. जिना त्याने एकट्याने उतरला, डावा हात भिंतीला लावून.

खांदा पुन्हा वर गेला नाही. हिवाळाभर रविवारी पाचच घंटा वाजल्या. सहावीचा दोर हेस्टरने नाताळानंतर धरला; पहिले दोन महिने दोर तिलाच ओढत असे. मंगळवारच्या सरावाला रूबेन येत नव्हता. पोस्टात येई, तंबाखू आणि पेन्शन घेई, “थंडी आहे” म्हणे आणि जाई. ती “हो ना” म्हणे.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी पुन्हा पील घ्यायचं ठरवलं. शेजारच्या गावातून एक जण पाचवीवर आला. हाका हेस्टरच्याच, सहाव्या दोरावरून. वर जाताना तिने पाहिलं, चर्चच्या दफनभूमीच्या ठेंगण्या भिंतीवर रूबेन बसला होता, मांडीवर खिशातलं घड्याळ उघडं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिली फेरी गेली. दुसरीत सगळं ठीक होतं, सगळं ठिकाणावर होतं, आणि मग एका वळणावर तिला उमगलं की मघाची हाक द्यायची राहून गेली. हात पुढची ओढ घेत होते. पाच चेहरे शांत होते. कुणाला काही कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं.

“थांबा,” हेस्टर म्हणाली.

“का? काय झालं?” सेसिल दोर आवरत ओरडला. “आता मी काय केलं?”

“तू काही नाही.”

ती खाली उतरली. ऊन फिकट होतं आणि वर कावळे अजून मनोऱ्याभोवती ओरडत होते. रूबेनने घड्याळाचं झाकण मिटलं.

“चाळीस मिनिटं,” तो म्हणाला.

“हो.”

“कोण?”

“मी. एक हाक राहिली.”

“कळल्यावर किती ओळी गेल्या?”

“एक.”

रूबेन भिंतीवर थोडा सरकला. हेस्टर त्याच्या शेजारी बसली, तेव्हा तिला कळलं की आपले हात सोललेत. त्याने तिचा एक तळवा उलटा करून पाहिला आणि तिच्याच मांडीवर परत ठेवला.

“पकड चुकतेय तुझी,” तो म्हणाला. “मंगळवारी दाखवतो.”